औषध सोड

मी आज जो काही आहे, तो सगुणामावशीमुळे. आणि तिच्याशी मी जे वागलो, ते आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो.

आई-बाप ऊसतोडीला जायचे. माझी शाळा बुडू नये म्हणून मावशीनं मला आष्टीत सहा-सहा महिने स्वतःच्या घरी ठेवलं. जोडाक्षरं मी तिच्या बायबलवर शिकलो. घरातला पहिला पदवीधर झालो. आणि त्याच अक्षरांनी मी — अजून माझा विश्वास बसत नाही.

त्या वर्षी कडा गावाकडे एक माणूस आला. स्वतःला देवाचा शेवटचा संदेष्टा म्हणवायचा. गोळ्या खाणं म्हणजे अविश्वास, असं शिकवायचा. आमच्या चर्चच्या मंडळीतली चार घरं त्याच्या नादी लागली. त्यातल्या एका बाईनं शुगरची गोळी बंद केली — ती गेली. मंडळीचे पंच घाबरले. आपल्यातही कुणी असलं शिकवतंय का, ते पाहून लिहून आणायचं काम त्यांनी मला दिलं.

महिनाभर मी घरोघरच्या प्रार्थनांना बसलो. काहीच सापडलं नाही. एक पंच चारचौघांत म्हणाले, "बीए झालायस न्हवं बे? तुला पाखंड वळकू येत न्हाई व्हय?" लोक हसले. कोरा कागद द्यायची मला लाज वाटली. एवढंच कारण? हो — एवढंच.

शुक्रवारी मावशीकडे प्रार्थना होती. रखमाबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. मावशी त्यांच्या सुनेला म्हणाली, "आदी औषद सोड, मग प्रार्थना करू." सुनेनं बाटलीतले दोन थेंब सासूच्या डोळ्यात सोडले. मी हातभर अंतरावर होतो; बाकी कुणी अजून आलं नव्हतं.

मी लिहिलं — 'सगुणाबाई प्रार्थनेआधी औषध सोडायला सांगतात.' शब्द तिचाच होता. म्हणून तर तो उचलला.

पाळकांनी ते सभेत वाचलं. तिला विचारलं, "हे तुमचेच शब्द का?"

"माजेच हायेत. पर ते डोळ्यात सोडायचं व्हतं. दानिएल बसला व्हता की तितं, त्यालाच इचारा."

रखमाबाई आणि सून तोवर टोळीबरोबर उसाला गेल्या होत्या. सगळे माझ्याकडे वळले. मावशी तर निश्चिंत होती — ते कसं विसरू?

मी म्हणालो, "मला तसं काही दिसलं नाही."

तिला प्रभुभोजन बंद झालं. त्या रविवारी भाकरीचं तबक तिला वगळून पुढं गेलं. तबक माझ्याच हातात होतं. पुढं ती परळीला लेकीकडे निघून गेली. याला अकरा वर्षं झाली.

आज तिला पत्र टाकलं. एवढंच लिहिलं —

'मावशी, येत्या रविवारी मी मंडळीसमोर उभा राहून सांगणार आहे की मी खोटं बोललो. तुला यायला सांगत नाही. माफी मागत नाही. उत्तरही लिहू नकोस. त्या दिवशी तू खरं बोललीस. दोन्ही थेंब डोळ्यात पडताना मी पाहिले होते. — दानिएल'