वाय-फायवाल्या बाई

झरी जामणीजवळच्या आमच्या शाळेला दहा जुने लॅपटॉप भेट मिळाले. फुकट मिळतं म्हणून मी त्यांत विंडोजऐवजी लिनक्स टाकलं, तर वाय-फाय दिसेचना. इकडे मुलींचे शिष्यवृत्तीचे अर्ज ऑनलाइन भरायचे होते. दोन दुकानदारांनी "भंगारात द्या" असंच सांगितलं. मग दोन लॅपटॉप पिशवीत घालून मी पांढरकवड्याला, बसस्टँडमागच्या एका बाईंच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेलो.

पन्नाशीच्या असाव्यात. चष्मा नाकाच्या शेंड्यावर. लॅपटॉप उघडण्याआधी त्यांनी त्यावरची धूळ पदराने पुसली.

"वाय-फायचं कार्ड गेलं का हो?" मी विचारलं.

"मशीनले नावं ठेवाच्या आधी आतल्या कार्डाचं नाव तं पाहू, सर."

त्यांनी एक कमांड दिली आणि पडद्यावर आलेला कार्डाचा नंबर वहीत लिहून घेतला. कार्ड चांगलं होतं, फक्त लिनक्सकडे त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, नव्हता. आपला मोबाइल केबलने जोडून त्यांनी इंटरनेट दिलं आणि ड्रायव्हर उतरवला. पहिला चालला नाही. दुसरा टाकताच आसपासच्या नेटवर्कांची यादी भराभर उमटली. मग दुसरा लॅपटॉप त्यांनी माझ्यापुढे सरकवला.

"आता तुम्ही करा. मी पाहून राह्यली."

बाकीचे आठ मी शाळेतच सुरू केले. सगळ्या मुलींचे अर्ज भरून झाले, तेव्हा मुद्दाम पांढरकवड्याला गेलो.

"आता काय बिघडलं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. दहाही चालून राह्यले."

त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि खुर्ची पुढे केली.

"बिघडलं म्हणून सारेच येतात, सर. चाललं म्हणून सांगाले तुम्हीच आले. बसा."