थांबलेल्या सनईची फिर्याद

फिर्यादी: आमच्या गावचे पाटील. फिर्याद ज्याच्यावर: मारुतीच्या देवळात वंशपरंपरेने सनई वाजवणारा. दिवस: चैत्रातला सोमवार, सूर्योदयाचा सुमार. साक्षीदार: समस्त गाव, आणि कचेरीत ज्याच्या मसुद्याला मान आहे तो अर्जनवीस, म्हणजे अस्मादिक. माणसे हयात असल्याने नावे गाळली आहेत.

आमच्याकडे रिवाज असा की, सकाळची सनई गावात मयत झाली तरच मध्ये थांबते. ती थांबताच बायका चूल विझवतात आणि पुरुष मयताच्या दाराशी जमतात. त्या सकाळी सनईवाल्याने स्वतः रचलेली नवी चाल धरली. नगारा एकीकडे, सनई दुसरीकडे. गोदावरीच्या वाळूत रुतलेली गाडी करकरावी तसे सूर. आणि ऐन मध्यावर सनई, नगारा दोन्ही थांबले.

पाटलांचे वडील कित्येक दिवस अंथरुणाला खिळलेले. गावाने चुली विझवल्या आणि रडत त्यांच्याच दाराशी धाव घेतली. मीही पागोटे उतरवून पोहोचलो. पाहतो तर म्हातारे बाजेवर उठून बसलेले.

"कोण गेलं बे?" त्यांनीच विचारले.

"तुमीच की, आबा!" गर्दीतून कोणी बोलून गेले.

पाटील भडकले. सनईवाल्याला समोर उभे केले. "कावून थांबलास बे?"

"थांबलो न्हाई, मालक. चालच तशी हाय. पुढं लई हाय अजून."

"देवळातला तुझा हक्क आजपासून बंद! अर्जनवीस, लिहा फिर्याद."

मी बोरू बुडवला, पण कागदाला टेकवला नाही. त्या हक्कावर त्याचे सारे घर जेवत होते. तोच आबा म्हणाले, "आधी पुढचं ऐकू द्या. म्या पडल्या पडल्या ऐकत व्हतो. आता काय येतंय म्हनून जीव अडकलाय."

त्याने अंगणातच उरलेली चाल वाजवली. ती मला उमगली असे म्हणणे खोटे ठरेल. परंतु रडायला आलेल्या बायका तोंडावरचे पदर सारून ऐकत राहिल्या.

"हक्क राहू दे त्याचा," आबा मुलाला म्हणाले. "दवंडी पिटा म्हंजे झालं."

पाटलांनी होकाराची मान हलवली. दवंडीचा मजकूर मीच बांधून दिला: 'उद्या सनई मध्ये थांबेल. कोणी मयत नाही. चुली पेटत्या ठेवाव्यात.'

दुसऱ्या सकाळी सनई थांबली. घरोघरचा धूर चढतच राहिला.

तरी संगीतातील जाणकारांस विनंती की, अशा चालीस शास्त्रात जागा असल्यास तसे लेखी कळवावे. म्हणजे पुढे कोणी पाटील या सनईवाल्याच्या घराचा हक्क काढू धजणार नाही. उत्तराची वाट पाहत आहे.