वाल्मीकनं जेलात टाकलेले चौघे

खोटं बोलून कधी कुणाचं भलं केलंय का तुम्ही? लगेच मान डोलावू नका. आधी वाल्मीकचं ऐका.

शहाण्णव साली पंचवटीतल्या एका व्हिडिओ सेंटरवर तो तिकिटं फाडायचा. इंग्रजी पिक्चर लागला की माइक घेऊन टीव्हीशेजारी उभा राहायचा. समोर सतरंजीवर पेठ-सुरगाण्याकडून मजुरीला आलेली माणसं. त्यांना मराठीत गोष्ट सांगायची. इंग्रजी त्याला काडीचं कळत नव्हतं. चित्रं बघायची आणि ठोकून द्यायचं.

त्या आठवड्यात लढाईचा पिक्चर होता. शत्रूची डोंगराएवढी युद्धनौका. तिच्या पोटाखाली सुरुंग लावायला चिमुकल्या पाणबुड्या निघतात, एकेकीत चार माणसं. वाटेत लोखंडी जाळं. एकजण पाण्यात उतरून ते कापतो. नौका उडते, पण एक पाणबुडी वर येतच नाही.

पहिल्या दिवशी वाल्मीकनं सांगितलं, "चौघे मेले." लोक मुकाट उठून गेले. मालक भडकला, "पब्लिकला रडवतो का रे?"

दुसऱ्या दिवसापासून तो सांगू लागला, "चौघांना शत्रूनं पाण्याखालीच धरलं, जेलात टाकलं. लढाई संपली की घरी!" शिट्ट्या पडल्या.

त्या गर्दीत कुसाबाई होती. महिन्यापूर्वी ठेकेदारानं तिच्या पोराला, यादवला, धरणात उतरवलं होतं. पाइपाच्या तोंडाची तुंबलेली जाळी मोकळी करायला. तो वर आला नाही. प्रेतही नाही. ठेकेदार म्हणतो, पळाला. आम्ही मजूर संघटनेवाल्यांनी पोलिसांत द्यायला तक्रार लिहिली की यादव बुडून मेला. खाली आईचा अंगठा हवा होता.

पिक्चर बघून आली आणि अंगठा देईना. "मेला नाय तो. धरला आसंल." सोमवारी जाऊन नाशिकरोडच्या जेलच्या फाटकावर बसली.

वाल्मीकची कॉलर धरून मी त्याला तिथं नेलं.

"मावशी, थाप मारली मी. मेली ती माणसं."

"तुला इंग्रजी येतं का रं?"

"नाय."

"मंग मेली, हे तुला कुणी सांगितलं?"

फाटकावरचा शिपाई हसला. "घ्या! मावशी वकीलच व्हायची."

वाल्मीकनं माइक सोडला. आता इंदिरानगरला वॉचमन आहे. आठ वर्षं झाली, ती दर सोमवारी फाटकावर येऊन बसते आणि तो तिला डबा देतो. ती जेवते. तक्रार अंगठ्यावाचून तशीच पडलीय.

त्या दिवशी धरणाच्या काठावर तुम्ही असाल, दोर धरायला, नाहीतर नुसते बघायला, तर ठेकेदाराला न भिता या. यादव खाली गेल्यावर किती वेळ वाट बघितलीत, तेवढं तिच्यासमोर बसून सांगा.