मोठ्यांदा घ्यायचं नाव

चार बायका एका चुलीवर राबल्या, की किस्से काही शोधावे लागत न्हाईत. सरपणागत रोज साठतात. हे आमच्या पासली गावच्या घरातले, गावात यष्टी यायच्या आधीचे.

*

आमच्या आजीला ओव्या लई येत. पण नुसतं "आजे, एक सांग की," म्हटलं की गप्प! म्हणायची, "जातं फिरल्याबिगर कशी आठवंल गं?"

एकदा तापानं अंथरुणाला खिळली. म्या जाऊन बघते तर आजी रिकामी मूठ हवेत गरागरा फिरवतेय, आन् ओवी खणखणीत चालू! आई म्हणाली, "सासूबाई, हळू, पीठ सांडंल!"

*

शेजारी चुलत्याचं घर. तिथली नवी सून, रखमावैनी, उंबऱ्यात उभी. उखाण्यात नवऱ्याचं नाव घेतल्याबिगर नवरीला आत घ्यायचं न्हाई, ही रीत. बिचारीनं लाजेपायी उखाणा मनातल्या मनातच घोकलेला. तोंड उघडलं, आन् गडबडीत सख्ख्या भावाचंच नाव घेतलं!

माझा थोरला भाऊ शिरपतीदादा तिला येता-जाता चिडवायचा, "वैनी, दोन ओळी ऱ्हात न्हाईत व्हय ध्यानात?"

*

मग दादाचंच लगीन ठरलं. पोरगी कापूरहोळची. आईचा जीव टांगणीला! "हिचंबी तसंच झालं, तर रखमी जन्मभर सोडायची न्हाई आपल्याला!"

नवरी उंबऱ्यात आली, आन् न अडखळता म्हणाली,

"आंबेमोहराचा भात, वर दुधाची साय,
शिरपतरावांचं नाव घेते, उंबऱ्यात टाकते पाय!"

आईनं इचारलं, "कुणाम्होरं म्हणून बघितलंस गं?"

"म्हशीम्होरं. रोज धार काढताना, मोठ्यांदा. माणसांची लाज वाटती, तिची कशाला?"

आताची पोरं ह्याला प्रॅक्टिस म्हणतात!

*

तीच म्हैस तिच्या बानं आंदण म्हणून धाडली. पंचमीला नवी वैनी माहेरी गेली, आन् म्हैस पान्हाच सोडेना! आईनं पेंड घातली, कास चोळली. म्हैस ढिम्म.

"हिला उखाण्याची सवय लागलीया," आई म्हणाली.

"मग म्हण की तू," दादा म्हणाला.

"म्या आई हाय तुझी! नवऱ्यागत तुझं नाव घेऊ व्हय?"

"आन् म्या माझंच घेऊ?"

"मग खा कोरडा भात."

दादानं इकडं-तिकडं बघितलं, आन् म्हशीच्या कानाशी पुटपुटला. म्हशीनं शेपटी हाणली.

"मोठ्यांदा!" आई वरडली.

दादानं डोळं मिटलं आन् साऱ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाला, "शिरपतरावांचं नाव घेते, उंबऱ्यात टाकते पाय!"

चरवीत धार वाजली. तेवढ्यात कुडापलीकडून रखमावैनीचा आवाज आला,

"काकी, नवी सून आली का वं?"