मेंदूतली अफू आणि गंगूमावशीचा बिब्बा

कापूस वेचून आलेल्या बाईच्या लुगड्याला पाला चिकटलेला असतो. ती काही तो गोळा करायला गेलेली नसते. वरवट बकालच्या आमच्या घरातले किस्से मला तसेच चिकटलेत. शाळेत विज्ञान शिकवणारी सून, त्यातून काळजीखोर. पाला भरपूर.

*

शाळेत येणाऱ्या मासिकात वाचलं, की उंदराच्या मेंदूत ठरावीक जागी बारीक तार घालून हलका करंट दिला, तर त्याला दुखणं जाणवेनासं होतं. मेंदू स्वतःच अफूसारखं द्रव्य तयार करतो म्हणे. वांगी चिरता चिरता मी आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, सगळं समजावून सांगितलं.

त्यांनी शांतपणे ऐकलं. "डोक्यातच अफू हाय, तं तुया सासऱ्याले तंबाखू काऊन लागते?"

*

एकदा म्हैस सुटली. आमचे हे तिच्यामागे अनवाणी धावले. तिला बांधून झाल्यावर पाहिलं, तर तळपायात बाभळीचा काटा रुतलेला. "कळलंच नाही," म्हणाले आणि कण्हायला लागले.

मी खूष. "मेंदूनं दुखणं दाबून ठेवलं होतं!"

"मंग आता काऊन दुखून राह्यलं?"

"म्हैस सापडली ना."



*

बाळंतपणाच्या आधी दवाखान्यातल्या नर्सबाईंनाही मी हा पाठ दिला होता. कळा सुरू झाल्या आणि मी दवाखाना डोक्यावर घेतला. नर्सबाई वाकून म्हणाल्या, "बाई, सांगा ना तुमच्या मेंदूले."

"तो रजेवर गेलाय."

*

खरी चूक झाली ती शेजारच्या गंगूमावशीपाशी. कंबर धरली, गुडघा धरला की गाव तिच्याकडे जातं. ती तापलेली सुई बिब्ब्यात खुपसते आणि दुखऱ्या जागी टेकवते. मी शहाणपणा केला. "एका दुखण्यानं मेंदू जागा होतो आणि दुसरं दाबतो, मावशी. यात तथ्य असू शकतं."

तेव्हापासून ती प्रत्येकाला सांगते, "बीएस्सीच्या बाईनं पास केलं हाय."

*

बेबी चार महिन्यांची असताना तिचं पोट फुगलं. सकाळपासून रडणं थांबेना. आत्याबाईंनी गंगूमावशीला बोलावलं. ती सुई तापवूनच बसली.

"पोटाले चार डाग देतो. लेकरू चूप होते."

"नाही."

"तूच तं सांगतलं, दुखणं दुखण्याले दाबते."

सांगितलं होतंच. खोटंही नव्हतं. माझ्या हट्टापायी पोर हातची जाईल, असंही क्षणभर वाटलं. पण मी बेबीला छातीशी घट्ट धरलं.

"रडणं दबेल मावशी, पोट नाही उतरणार. मग हिला काय होतंय ते आपल्याला कोण सांगणार?" उजवा हात मी पुढे केला. "डाग द्यायचाच असेल तर मला द्या."

"तुले कुठं दुखते?"

"तुम्ही द्या, मग सांगते."

मावशीही हट्टाची. टेकवलीच सुई. डोळ्यांपुढे काजवे चमकले. मेंदू पुन्हा रजेवर.

"झालं? आता गाडी जुंपा."

दवाखान्यात औषध मिळालं. संध्याकाळपर्यंत पोट उतरलं.

परवा बेबीला खोकला झाला. घरी आलेली एक पाहुणी म्हणाली, "छातीले डाग देऊन पाहा ना."

आत्याबाई डाळ पाखडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आमच्या घरी लेकराले नाही देत. सुनेले देतात."