भावांमधली जाळी

काशीतल्या रामघाटच्या नरहर पाध्यांचा एकत्र कुटुंबावर जेवढा विश्वास होता, तेवढा विश्वनाथावरही नव्हता. त्यांचे धाकटे भाऊ, बिंदुमाधव आणि दिनानाथ, रोज एकमेकांची डोकी फोडत. कधी तांब्याने, कधी पाटाने. संध्येच्या पळीवर भागलं तर तो दिवस शांततेचा. घरात मधे भिंत घालू, यावर मात्र दोघांचं एकमत होतं. "मी जिवंत असेतो नाही," नरहर म्हणत, आणि एखादा पाट त्यांनाही लागे.

हेच तत्त्व घेऊन ते १९९७ साली एका छोट्या संशोधनसंस्थेत उंदीर सांभाळत होते. तिथल्या संशोधक मृणालिनीताईंच्या त्या उंदरांपैकी काहींत जन्मापासून एक जनुक नव्हतं. ते नसलं की आतड्याची राखण ढिली पडते आणि रक्तवाहिन्या जुन्या धोतरासारख्या विरतात, असा ताईंचा अंदाज होता.

"काका, मोठे नर वेगळेच ठेवा," त्यांनी बजावलं होतं.

पण सख्खे भाऊ वेगवेगळ्या पिंजऱ्यांत बघून नरहरांचा जीव तुटे. एका दुपारी ताई जेवायला गेल्या आणि काकांनी रामलीलेतल्या, नाटी इमलीच्या मैदानावरच्या भरत-मिलापाला लाजवील अशी भावांची भेट घडवली.

क्षणभर मिशा हुंगून झाल्या. मग एकाने दुसऱ्याच्या शेपटीचा लचका तोडला. कान फाटले, पाठी सोलल्या, भुसा लाल झाला. सोडवायला गेलेल्या नरहरांच्या अंगठ्यात दात रुतला. फाटके-तुटके भाऊ जगले. जनुक नसलेल्याला नुसता ओरखडा होता, तोच मेला. ताईंनी पोट उघडलं, तर आत रक्ताचं थारोळं.

"वरून काही दिसत नाही, काका. आतल्या आत फुटतं."

"रागवा तरी, ताई."

"रागावून उंदीर उठणार आहे? बाकीचे वेगळे करा. जाळीतून एकमेकांचा वास येऊ द्या, तेवढं प्रेम पुरे."

नरहर घरी पोचले तेव्हा दिनानाथने पाट उगारला होता. बिंदुमाधव अल्सरवाला, नुकताच रक्त चढवून आलेला. तोच पोट पुढे काढून म्हणत होता, "मार ना बे, हिंमत असेल तर."

नरहर मधे पडले. पाट त्यांच्या बरगडीवर बसला.

"उद्या मिस्त्री बोलवा," ते जमिनीवरूनच म्हणाले.

"दादा, डोक्याला लागलं का?" दिनानाथने घाबरून विचारलं.

भिंत उभी राहिली. मिस्त्रीने विचारलं, "पंडितजी, बीच में जाली काहे?"

"सूंघने के लिए," नरहर म्हणाले.

जाळीची भोकं त्यांनी स्वतः बोट घालून पसंत केली. त्यातून शिव्या जातात, फोडणीचा वास जातो. पाट जात नाही.