कुऱ्हाडी राखणारा

कुरखेड्याच्या पुढे जंगलातल्या एका गावी आमची प्लाटून पाठवली, तेव्हा धान निसवायला आला होता. साल १९५५. मी हवालदार. फौज सोडून सशस्त्र पोलिसांच्या या बंदोबस्ताच्या नोकरीत येऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं.

कारण असं होतं. वरचं गाव गोंडांचं, खालचं कुणब्यांचं, आणि दोघांचा धान एकाच बोडीच्या पाण्यावर. बोडी म्हणजे लहानसा तलाव. त्या वर्षी पाऊस लवकर आटोपला. वरच्यांनी पाट बुजवला, खालच्यांनी तो रातोरात फोडला, आणि हाणामारीत दोघांची डोकी फुटली. एवढ्यावर तीस रायफली आल्या. शाळेच्या पडवीत मुक्काम. सकाळी साडेपाचला रोलकॉल, सहाला पीटी, आठला गस्त. आठ दिवस काहीही घडलं नाही.

त्याआधी मी कोरियात होतो. युद्ध थांबलं होतं आणि कैद्यांवर पहारा द्यायला आपली फौज गेली होती. कंपाउंडात शिरताना बंदूक न्यायची नाही, असा हुकूम होता. एकदा कैद्यांनी आमच्या एका सुभेदाराला आत धरून ठेवलं. बाहेर आम्ही दोन कंपन्या तयारीत. आमचे कर्नलसाहेब एकटे, रिकाम्या हातांनी आत गेले. त्या लोकांबरोबर जमिनीवर बसले, चहा प्याले, तीन तास त्यांच्या शिव्या ऐकून घेतल्या आणि साडेचारला सुभेदाराला घेऊन बाहेर आले. एक गोळी झाडावी लागली नाही. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. म्हणूनच पुढचं लिहिताना मला आधी स्वतःचीच चीड येते.

इथले आमचे प्लाटून कमांडर नवे होते. नाव लिहीत नाही. हे लोक फक्त बंदुकीची भाषा समजतात, असं ते जेवताना रोज सांगत. हे लोक गोंडी बोलतात, आपल्याशी मराठी बोलतात आणि गरज पडली तर हिंदीही बोलतात, हे साहेबांना ऐकवायची हिंमत कुणाला नव्हती. मलाही नव्हती.

नवव्या दिवशी सकाळी दहाला मी दुर्बीण आणि वायरलेस सेट घेऊन बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, निरीक्षणाला बसलो होतो. दहा वीसला दोन्ही बाजूंनी माणसं येताना दिसली. प्रत्येकाच्या खांद्यावर कुऱ्हाड. त्या भागात माणूस कुऱ्हाडीशिवाय घराबाहेर पडत नाही, त्यामुळे त्यात विशेष काही नव्हतं. सगळे पाळीखालच्या एका मोहाच्या झाडाशी थांबले. कुऱ्हाडी झाडाखाली एकावर एक ठेवल्या आणि पन्नास पावलं पलीकडे जाऊन गोल करून बसले. ढिगाशेजारी एक म्हातारा तेवढा राहिला.

आज मला त्याचा अर्थ माहीत आहे. त्या इलाख्यात दोन गावं भांडण मिटवायला बसली, की कुऱ्हाडी एका जागी ठेवतात. दोघांचाही विश्वास असलेला एक माणूस त्या राखतो. निकाल लागेपर्यंत कुऱ्हाडीला कुणीही हात लावायचा नाही. कुणी लावला तर बैठक मोडली, आणि पुन्हा बसायला वर्ष वर्ष लागतं. आठ दिवस त्यांच्या विहिरीचं पाणी प्यालो, पण यातलं एक अक्षर मी कुणाला विचारलं नव्हतं.

मी सेट उचलला.

"साठ माणसं. झाडाखाली कुऱ्हाडींचा ढीग. साठच्या आसपास. ओव्हर."

शब्द न् शब्द खरा होता. माणसं रिकाम्या हातांनी बसली आहेत, हे मात्र मी बोललो नाही. मोजता येईल ते सांगायचं, अशी आमची शिस्त. बोलल्यावर मात्र कोरियातली ती दुपार आठवली आणि मी पुन्हा सेट उचलला.

"सर, मी खाली जाऊन विचारून येतो. ओव्हर."

"पोझिशन सोडू नका. आउट."

मी पोझिशन सोडली नाही. या वाक्याची लाज मला आजही वाटते.

अकराला साहेब दोन सेक्शन घेऊन आले. रायफली पाळीवर लावल्या आणि चार जवानांना कुऱ्हाडी जप्त करायला खाली धाडलं. गोलातली माणसं उभी राहिली, पण एकही पुढे आला नाही. म्हातारा मात्र हात पसरून ढिगासमोर आडवा आला.

"हात नोका लावू, बापू. बैठक चालू आहे. आमचं जमून राह्यलं."

जवानाने त्याला बाजूला सारून वरची कुऱ्हाड उचलली. म्हाताऱ्याने तिचा दांडा धरला. ती परत ढिगावर ठेवण्यासाठी धरला होता. मी दुर्बिणीतून पाहत होतो, त्याची मान खाली, ढिगाकडे होती. साहेबांना फक्त कुऱ्हाड धरलेला हात दिसला.

"वन राउंड. फायर."

अकरा सतरा.

मी पोझिशन सोडून धावलो. फार उशिरा धावलो. म्हाताऱ्याचं नाव मनकू मडावी, वरच्या गावचा. त्याचं डोकं ज्याच्या मांडीवर होतं तो डोमाभाऊ, खालच्या गावचा. हाणामारीत फुटलेल्या दोन डोक्यांपैकी एक याच डोमाभाऊच्या भावाचं होतं. त्याने माझ्याकडे वर पाहिलं.

"झालं होतं, हवालदारभाऊ. पाच दिवस त्याहिले पानी, पाच दिवस आमाले. पहिली पाळी तुमी घ्या, तुमचा धान जास्त सुकला, असं मनकूभाऊच म्हणे. तुमी काऊन आले?"

उत्तर साहेबांकडे होतं. त्यांनी संध्याकाळी रिपोर्ट लिहिला: सशस्त्र जमाव, हल्ल्याचा प्रयत्न, कमीत कमी बळाचा वापर. वर माझ्या सकाळच्या संदेशाचा पुरावा जोडला. सही करा म्हणाले. मी सही केली नाही. वेगळा जबाब लिहून दिला, की हात रिकामे होते आणि ते मी कळवलं नाही. तो जबाब "अनावश्यक" असा शेरा मारून परत आला. महिन्याभरात माझी बदली झाली आणि साहेबांचं कौतुक झालं.

आम्ही तिथून हललो, त्यानंतर पाचव्या दिवशी दोन्ही गावं त्याच मोहाखाली पुन्हा बसली. हे मला डोमाभाऊने नंतर सांगितलं. एवढं झाल्यावर वरच्या गावाने कुऱ्हाडी उचलल्या असत्या, तर मी त्यांना दोष दिला नसता. त्यांनी त्या पुन्हा ढिगात ठेवल्या. ठरलं तेच राहिलं, आणि पहिली पाळी खालच्या गावाला मिळाली. ज्यांना बंदुकीचीच भाषा समजते असे लोक गोळीच्या दिवशी पाळीवर होते, झाडाखाली नव्हते.

आता मी पेन्शनर. शहीद जवानांच्या कार्यक्रमाला दरवर्षी बोलावणं येतं. सगळे आपापल्या साथीदारांची नावं घेतात, दोन मिनिटं उभे राहतात. माझी पाळी आली की मी म्हणतो: मनकू मडावी. ड्युटीवर असताना गोळी लागून मृत्यू.

आयोजक दरवर्षी वही उघडून विचारतात, कोणती रेजिमेंट? मी सांगतो की तो माणूस फौजेत नव्हता, आणि त्याला मारणारी गोळी आमची होती. ते वही मिटतात. मी उभाच राहतो.